नेदरलँड्सची अल्गोरिदम नोंदवही: दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

नेदरलँड्सच्या सरकारने २१ डिसेंबर २०२२ रोजी एक सार्वजनिक नोंदवही संकेतस्थळाच्या रूपाने खुली केली. तिचे नाव ‘अल्गोरिदम रजिस्टर’. सरकारी खाती, नगरपालिका आणि इतर सार्वजनिक संस्था कोणती संगणकीय पद्धत कशासाठी वापरतात, ती कोणती माहिती घेते, तिच्या निकालावर माणूस नजर टाकतो की नाही आणि शंका असल्यास कोणाला विचारायचे, हे सामान्य नागरिकाला एका ठिकाणी वाचता यावे, असा तिचा हेतू आहे. वापरासाठी पैसे पडत नाहीत, खाते उघडावे लागत नाही, आणि डचबरोबरच इंग्रजीतूनही नोंदी वाचता येतात. मी या देशात राहणारा, डच भाषा अडखळत वाचणारा मराठी माणूस आहे. गेली दोन वर्षे मी ही नोंदवही वापरतो आहे आणि तिच्याविषयी माझे मत बरे आहे, पण पूर्ण समाधानाचे नाही. ते का, हे सविस्तर लिहितो.

या नोंदवहीपर्यंत मी पोहोचलो तो गणपतीच्या मूर्तीमुळे. आमच्या गावातल्या मराठी मंडळाचा उत्सव भाड्याच्या सभागृहात होतो. त्या वर्षी मूर्ती, मखर आणि प्रसादाची दोन मोठी पातेली उतरवण्यासाठी मी गाडी सभागृहाच्या दारात उभी केली, डिकी उघडी ठेवली, सामान आत नेले आणि दहा मिनिटांत गाडी हलवली. काही आठवड्यांनी नगरपालिकेचे पत्र आले. इथे रस्त्यावरचे पार्किंग हा कराचा विषय आहे, त्यामुळे हातात पडलेला कागद न भरलेल्या कराच्या वसुलीचा होता, आणि त्यावर वसुलीचा खर्चही चढवलेला होता. सामान लगोलग चढवणे किंवा उतरवणे याला डच कायद्यात पार्किंग मानत नाहीत. पत्रात गाडीचा क्रमांक, वेळ, रस्त्याचे नाव आणि रक्कम होती; हा निर्णय कोणी आणि कसा घेतला, याबद्दल एक शब्दही नव्हता. सहा आठवड्यांच्या मुदतीत मी हरकत नोंदवली आणि फोटो मागवले. पहिल्याच फोटोत उघडी डिकी स्वच्छ दिसत होती आणि पुठ्ठ्याचे मखर तिच्यातून अर्धे बाहेर आलेले होते. वसुली रद्द झाली. रक्कम मोठी नव्हती, मनस्तापही फार नव्हता, पण एक प्रश्न मनात राहून गेला: पत्र निघण्यापूर्वी तो फोटो कोणा माणसाने पाहिला होता का?

गावाचे नाव मी लिहीत नाही, कारण माझा मुद्दा एका नगरपालिकेपुरता नाही. त्या वेळी नोंदवहीत आमच्या गावाच्या नावावर पार्किंगची नोंदच नव्हती. म्हणून मी ॲमस्टरडॅमची माहिती वाचायला घेतली. या बाबतीत ते शहर देशाच्याही पुढे होते. ॲमस्टरडॅम आणि हेलसिंकी या दोन शहरांनी सप्टेंबर २०२० मध्येच आपापल्या नोंदवह्या लोकांसाठी उघडल्या होत्या, आणि ॲमस्टरडॅमच्या पहिल्या नोंदींत पार्किंग तपासणाऱ्या मोटारीची नोंद होती. तिच्यात कामाचे टप्पे सरळ भाषेत सांगितलेले आहेत. छतावर कॅमेरे बसवलेली मोटार रस्त्याने जाताना उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचते. तो क्रमांक राष्ट्रीय पार्किंग नोंदणीशी ताडून पाहिला जातो, म्हणजे पैसे भरले आहेत का किंवा परवाना आहे का, हे कळते. दोन्ही नसेल तर प्रकरण माणसाकडे जाते, आणि तो निरीक्षक फोटो पाहून गाडी सामान उतरवण्यासाठी थांबली होती का, सिग्नलला उभी होती का, असे काही वेगळे कारण आहे का, हे ठरवतो. इतके साधे वर्णन मी कोणत्याही सरकारी कागदात क्वचितच वाचले आहे. माझ्या हातातल्या पत्रामागे साधारण काय घडले असावे, हे मला एका बैठकीत समजले. या नोंदवहीचे सर्वांत मोठे श्रेय मी यालाच देतो.

राष्ट्रीय नोंदवहीतल्या प्रत्येक नोंदीची रचना ठरलेली आहे. आधी सर्वसाधारण माहिती, मग जबाबदार वापराचा भाग, मग यंत्रणेचे प्रत्यक्ष काम. जबाबदार वापराच्या भागात उद्देश, ही पद्धत का निवडली याची कारणे, मानवी हस्तक्षेप, धोक्यांचे व्यवस्थापन, कायदेशीर आधार आणि केलेल्या पूर्वतपासण्या अशी खानेवारी असते. नोंदी संस्थेनुसार आणि विषयानुसार गाळून पाहता येतात, यंत्रणा वापरात आहे, तयार होते आहे की बंद झाली आहे हेही कळते. मला विशेष आवडलेली गोष्ट ही, की नोंदवही केवळ कृत्रिम बुद्धिमत्तेपुरती मर्यादित ठेवलेली नाही. साध्या नियमांवर चालणारी पद्धतही तिच्यात येऊ शकते. हा निर्णय शहाणपणाचा आहे, कारण माणसाचे नुकसान करायला यंत्र हुशार असावेच लागते असे नाही.

याचा दाखला याच देशात आहे. विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी अर्थसाहाय्य देणारी ‘ड्युओ’ ही सरकारी संस्था घराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना जास्त रक्कम देते, आणि कोणी घरीच राहून ही रक्कम उचलतो का, हे शोधण्यासाठी तिने २०१२ पासून एक गुणांकन वापरले. वय कमी असले, शिक्षण व्यावसायिक शाखेचे असले, राहण्याची जागा आई-वडिलांच्या घराजवळ असली, की संशयाचे गुण वाढत. यात कोठेही वंश किंवा मूळ देश विचारलेला नव्हता, पण स्थलांतरित कुटुंबांतली मुले व्यावसायिक शिक्षणात अधिक आणि घराजवळ राहणारीही अधिक, त्यामुळे घरी येणारी तपासणी त्यांच्याच दारात वारंवार पोहोचली. जून २०२३ मध्ये पत्रकारांनी हे उघडकीला आणले, १ मार्च २०२४ रोजी शिक्षणमंत्री रॉबर्ट डायकग्राफ यांनी माफी मागितली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना मिळून ६ कोटी १० लाख युरो परत देण्याचे जाहीर केले. चार-पाच निकषांचा हा साधा तक्ता होता. पण या प्रकरणात मला दुसरीही गोष्ट दिसते, आणि ती नोंदवहीच्या बाजूची नाही: पाणी कुठे मुरते आहे हे शोधून काढले ते वकिलांच्या फायली चाळणाऱ्या पत्रकारांनी.

ही नोंदवही मुळात का निर्माण झाली, हे माहीत नसेल तर तिच्यातली खानेवारी कोरडी वाटते. बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात डच कर खात्याने हजारो पालकांना फसवणूक करणारे ठरवले. अर्जावर एखादी सही राहिली, एखादा हिशेब चुकला, तरी मिळालेली संपूर्ण रक्कम परत मागण्यात आली, आणि काही कुटुंबांवर लाखाच्या घरातली युरोंची कर्जे चढली. संसार मोडले, घरे गेली, हजाराहून अधिक मुलांना आई-वडिलांपासून दूर ठेवण्यात आले. कोणाचा अर्ज तपासायचा हे ठरवण्यासाठी २०१३ पासून धोक्याचे गुण देणारी एक शिकत जाणारी यंत्रणा वापरात होती, आणि अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हा तिच्या निकषांपैकी एक होता. संसदीय समितीने डिसेंबर २०२० मध्ये अहवाल दिला, त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘अभूतपूर्व अन्याय’ असा होतो. १५ जानेवारी २०२१ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्याच्या आदल्या वर्षी, ५ फेब्रुवारी २०२० रोजी, हेगच्या न्यायालयाने ‘सिरी’ ही कल्याणकारी योजनांतल्या फसवणुकीचा अंदाज बांधणारी यंत्रणा बेकायदा ठरवली होती, कारण ती कशी चालते हे बाहेरच्या कोणालाही पाहता येत नव्हते आणि खासगी आयुष्याच्या हक्काचे संरक्षण त्यात अपुरे होते. या दोन घटनांनंतर या देशात ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ एवढे उत्तर पुरेनासे झाले.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो, आणि ती ‘मानवी हस्तक्षेप’ या रकान्याबद्दल आहे. बालसंगोपन भत्त्याच्या यंत्रणेतही माणूस होता. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने ऑक्टोबर २०२१ च्या अहवालात दाखवून दिले, की सर्वांत जास्त गुण मिळालेले अर्ज कर्मचाऱ्याकडे हाताने तपासायला जात, पण हे गुण का मिळाले, हे त्या कर्मचाऱ्याला सांगितलेच जात नसे. तो बिचारा काय तपासणार? समोर आलेला अर्ज संशयास्पद आहे एवढे कळल्यावर माणूस संशयच शोधतो. म्हणजे कागदोपत्री मानवी हस्तक्षेप होता आणि प्रत्यक्षात तो नव्हता. आज नोंदवहीत हा रकाना वाचताना बहुतेक ठिकाणी ‘अंतिम निर्णय कर्मचारी घेतो’ या धर्तीचे एखाददुसरे वाक्य दिसते. त्या कर्मचाऱ्यासमोर दिवसाला किती प्रकरणे येतात, एकेका प्रकरणाला किती वेळ मिळतो, यंत्राने सुचवलेले तो शंभरातून किती वेळा नाकारतो, नाकारले तर त्याला वरिष्ठांना कारण द्यावे लागते का, हे या रकान्यात मला आढळत नाही. माझ्या मखराच्या फोटोबद्दलही नेमका हाच प्रश्न आहे. तो फोटो कोणी पाहिला नसेल तर एक दोष आहे. दोन सेकंद पाहून पुढे सरकवला असेल तर दुसरा. दोन्ही दोषांचे उपाय निराळे आहेत, आणि नोंदवही या दोहोंत फरक करू देत नाही.

दुसरा दोष नोंदींच्या निवडीत आहे. नोंद करणे ऐच्छिक ठेवून सुरुवात झाली, आणि त्याचा परिणाम पहिल्या पानापासून जाणवतो. जिथे वाद होण्याची शक्यता कमी, तिथल्या नोंदी भरपूर. माहिती खुली करण्याच्या कायद्याखाली कागदपत्रे प्रसिद्ध करताना त्यांतली नावे आणि पत्ते काळे करणारे सॉफ्टवेअर अनेक नगरपालिका वापरतात, आणि त्याची नोंद थोड्याफार फरकाने जवळपास त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा भेटते. त्यात गैर काही नाही, पण ज्या नागरिकाचा भत्ता अडला आहे किंवा ज्याच्या दारात तपासनीस येऊन गेला आहे, त्याला या नोंदींचा उपयोग नाही. देशाच्या महालेखापरीक्षण संस्थेने, म्हणजे आपल्याकडच्या ‘कॅग’ची जी जागा आहे त्या संस्थेने, ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या ७० संस्थांकडून माहिती घेऊन अहवाल दिला. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ४३३ यंत्रणा मोजल्या गेल्या, आणि त्यांतल्या अवघ्या ५ टक्के या सार्वजनिक नोंदवहीत होत्या. निम्म्याहून अधिक यंत्रणांच्या बाबतीत संबंधित संस्थेने धोक्यांचा विचारच केलेला नव्हता. हे आकडे वाचल्यावर मी नोंदवहीकडे पाहण्याची माझी पद्धत बदलली. तिच्यात एखादी यंत्रणा सापडली तर ती आहे, हे खात्रीने कळते. सापडली नाही तर ती नाही, असे मात्र म्हणता येत नाही.

याच लेखापरीक्षकांबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण ते कागदावर थांबत नाहीत. मे २०२२ मध्ये त्यांनी सरकारी वापरातल्या नऊ अल्गोरिदमची प्रत्यक्ष तपासणी केली आणि त्यांतले सहा मूलभूत कसोट्यांना उतरत नसल्याचे नावानिशी जाहीर केले. जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक माहिती संरक्षण प्राधिकरणात अल्गोरिदमवरील देखरेखीचा समन्वय करणारा स्वतंत्र विभाग काम करतो. हेच ते प्राधिकरण, ज्याने बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात अर्जदारांचे नागरिकत्व गैररीत्या वापरल्याबद्दल डिसेंबर २०२१ मध्ये कर खात्याला २७ लाख ५० हजार युरोंचा दंड केला होता. एका सरकारी संस्थेने दुसऱ्या सरकारी संस्थेला असा दंड करावा आणि तो वर्तमानपत्रात छापून यावा, ही गोष्ट मला कोणत्याही तत्त्वांच्या जाहीरनाम्यापेक्षा मोलाची वाटते. नोंदवही हे या साखळीतले पहिले कडे आहे. तिच्यामागे तपासणारा लेखापरीक्षक, दंड करणारे प्राधिकरण आणि थांबवण्याची हिंमत असलेला अधिकारी नसेल, तर ती केवळ यादी ठरेल.

थांबवण्याची हिंमत म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा ॲमस्टरडॅम असते. समाजकल्याण भत्त्याच्या अर्जांपैकी कोणत्या अर्जांची अधिक चौकशी करायची, हे सुचवणारी यंत्रणा त्या शहराने काळजीपूर्वक बांधली, पूर्वग्रह शोधण्याच्या चाचण्या घेतल्या, बाहेरच्या तज्ज्ञांना आणि भत्ता घेणाऱ्यांच्या प्रतिनिधींना विचारले, आणि त्या प्रतिनिधींचा विरोधही ऐकून घेतला. २०२३ मध्ये प्रत्यक्ष अर्जांवर मर्यादित प्रयोग केला, तेव्हा पूर्वग्रह गेलेला नसून त्याने जागा बदलल्याचे दिसले, आणि शहराने यंत्रणा बंद केली. इतके श्रम आणि पैसे घातल्यावर ‘हे जमले नाही’ असे म्हणणे कोणत्याही कारभाऱ्याला जड जाते. नेतृत्व हा शब्द सरकारी भाषणांत फार सढळपणे वापरला जातो. या एका निर्णयाला मी तो बिनदिक्कत लावीन. म्हणूनच बंद केलेल्या यंत्रणांची स्थितीही नोंदवहीत दिसावी या व्यवस्थेचे मी स्वागत करतो, पण त्या का बंद केल्या याचे कारण सक्तीने लिहायला लावले पाहिजे. फसलेल्या प्रयोगाची नोंद दुसऱ्या नगरपालिकेला तीच चूक करण्यापासून वाचवू शकते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये, असे मला वाटते. २०२४ मध्ये राज्याने पोलिसांच्या कामासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारी ‘मार्व्हल’ ही कंपनी नागपुरात उभी केली, म्हणजे विषय आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेलाच आहे. आणि आपल्याकडे हत्यार नाही असेही नाही. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ मध्ये, माहितीच्या अधिकाराचा कायदा केला होता, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक सरकारी कार्यालयाने कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायच्या सतरा बाबी दिलेल्या आहेत. त्यांतली तिसरी बाब आहे निर्णय घेताना अनुसरली जाणारी कार्यपद्धती, देखरेख आणि उत्तरदायित्वाच्या मार्गांसह. कार्यालयाने निर्णयात संगणकीय गुणांकन वापरले असेल, तर ते गुणांकन हा कार्यपद्धतीचाच भाग ठरतो, असे माझे मत आहे. म्हणजे वेगळ्या कायद्याची वाट न पाहता, आहे त्याच कलमाखाली कार्यालयाच्या सतरा बाबींच्या फलकावर या यंत्रणांची नोंद मागता येईल. माहिती अधिकाराचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी डच नोंदवहीतली खानेवारी नमुना म्हणून जरूर पाहावी.

कोणासाठी ही सेवा उपयोगी आहे, असे विचाराल तर पत्रकार, संशोधक, नगरसेवक आणि दुसऱ्या नगरपालिकांतले कर्मचारी यांच्यासाठी ती आजच चांगली आहे. सर्व नोंदी एकगठ्ठा उतरवून घेता येतात, त्यामुळे तुलना करणे सोपे जाते. हातात पत्र घेऊन बसलेल्या माणसासाठी ती अजून अर्धीच आहे, कारण पत्रापासून नोंदीपर्यंत जाणारा रस्ता नाही. प्रत्येक निर्णयपत्राच्या तळाशी ‘या निर्णयात अमुक क्रमांकाची यंत्रणा वापरली आहे’ एवढी एक ओळ छापली, तर या नोंदवहीचे मोल दुपटीने वाढेल. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात, जो १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला, सरकारी वापरातल्या अधिक धोक्याच्या यंत्रणांची नोंदणी करण्याची तरतूद आहे. ती ऐच्छिकतेची पळवाट बंद करील. पण पत्राखालची ती ओळ तिच्यातून आपोआप येणार नाही. ती कोणीतरी ठरवून छापावी लागेल.

इंग्रजी आवृत्तीतली वाक्ये कधी कधी यंत्राने भाषांतर केल्यासारखी अवघड होतात, आणि तांत्रिक कामाच्या रकान्यात पुरवठादाराच्या माहितीपत्रकातले शब्द जसेच्या तसे उतरलेले दिसतात, हेही नोंदवतो. शोधाची पेटी मात्र उत्तम चालते.

गेल्या वर्षी आमच्या गावाचीही पार्किंगची नोंद अखेर प्रसिद्ध झाली. मानवी हस्तक्षेपाच्या रकान्यात लिहिले आहे, की प्रत्येक फोटो निरीक्षक पाहतो. नोंदीत दिलेल्या पत्त्यावर मी ईमेल पाठवून विचारले, की एक निरीक्षक एका दिवसात किती फोटो पाहतो आणि त्यांतले किती नामंजूर करतो. आठ दिवसांत नम्र, व्यवस्थित उत्तर आले. त्यात कामाची पद्धत पुन्हा समजावून सांगितली होती. आकडा एकही नव्हता. मी त्याच पत्त्यावर दुसरे पत्र पाठवले आहे, आणि या वेळी सोबत उघड्या डिकीचा तो फोटो जोडला आहे.